अळी, म्हैस आणि कॅल्शियमचं पेव

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या कुठल्याही कृषी केंद्राच्या ओट्यावर घटकाभर बसलं, की एक तक्रार हमखास कानावर येते. "काहून भाऊ, काल औषध मारलं, अळी त तशीच लटकून हाय!" मुरलेला दुकानदार यावर वाद घालत नाही. तो फक्त विचारतो, "खाऊन राह्यली काय?" गिऱ्हाईक क्षणभर आठवतं. नाही. खात नाही. पानाला नवं भोक पडलेलं नाही. अळी आहे, जिवंतही आहे, पण जबडा बंद. हात लावला तर पूर्वीसारखी वळवळत नाही, आणि नीट पाहिलं तर कालच्यापेक्षा आखूड, जाड, ताठलेली वाटते. दोन-तीन दिवसांनी ती मरते, पण पिकाच्या दृष्टीने ती फवाऱ्यानंतर काही तासांतच संपलेली असते.

बाटलीवर क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल असं जिभेला गाठ मारणारं नाव असतं. गावात त्याला सगळे कोराजन म्हणतात. १८.५ टक्के तीव्रतेचं हे औषध सोयाबीनवर दहा लिटर पाण्याला तीन मिलिलिटर या हिशेबाने घेतात, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला चमचाभर. एवढ्याशा औषधाने अळीचं तोंड का बंद होतं, ती लगेच मरत का नाही, आणि फवारणाऱ्या माणसाच्या हातापायांना काही का होत नाही, हे तीन प्रश्न वरवर शेतीचे आहेत. उत्तर मात्र स्नायूत आहे. अळीच्या, म्हशीच्या आणि आपल्याही.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात, आणि ते बरोबरच आहे. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एक टक्क्याची गोष्ट मात्र अगदी वेगळी. तिथे कॅल्शियम विटेचं काम करत नाही, निरोप्याचं करतं. स्नायूची पेशी आराम करत असते तेव्हा तिच्या आतल्या रसात मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतंच. पेशीबाहेर जेवढं असतं त्याचा दहा हजारावा भाग. हा फरक टिकवायला पेशी सतत कष्ट घेते, कारण आतलं कॅल्शियम थोडं जरी वाढलं तरी स्नायू त्याचा एकच अर्थ लावतो : आकस.

हे कुणी ओळखलं याचा इतिहास लांबलचक आहे. मला त्यातला सुरुवातीचा भाग फार आवडतो, कारण तो एका चुकीतून घडला. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात ठेवत आणि ते बराच वेळ धडधडत राही. १८८३ साली त्यांनी प्रामाणिकपणे लिहून टाकलं, की आधीच्या प्रयोगांत आपण ऊर्ध्वपातित पाणी वापरल्याचं समजत होतो, प्रत्यक्षात ते नळाचं पाणी होतं. शुद्ध पाणी घेतलं तेव्हा हृदय थांबलं. लंडनच्या नळाच्या पाण्यात चुना होता, म्हणजे कॅल्शियम होतं. तेच हृदय चालवत होतं. बोअरचं पाणी तापवून भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना रिंगरचा प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको.

पण तो प्रयोग हृदयाचा होता. पायाचा, पाठीचा, जबड्याचा स्नायू, म्हणजे ज्याला आपण इच्छेने हलवतो तो, इतका सरळ निघाला नाही. १९४७ मध्ये हाइलब्रुन आणि विएर्चिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायूतंतूच्या तुकड्यात एकेक क्षार टोचून पाहिला. पेशीत सापडू शकेल इतक्या थोड्या प्रमाणात तंतू आखडवणारा एकच निघाला, कॅल्शियम. त्यावरून वाटलं, बाहेरून कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आखडतो, झालं. लगेचच ए. व्ही. हिल यांनी साधा हिशेब मांडून त्यात पाचर मारली. स्नायूतंतू आपल्या केसाइतका जाड असतो. पृष्ठभागावरून निघालेला पदार्थ झिरपत मध्यापर्यंत पोचायला जितका वेळ लागेल, त्याच्या कितीतरी आधी तंतूचा मधला भाग काम करू लागलेला असतो. म्हणजे निरोप झिरपत जात नाही. तो दुसऱ्याच कुठल्या वाटेने, वेगाने आत जातो.

ती वाट एका माणसाने आधीच पाहिलेली होती. इटलीतल्या पाव्हिया इथे एमिलिओ वेराट्टी यांनी १९०२ साली स्नायूतंतूच्या आतल्या बारीक जाळीची सुंदर चित्रं काढली होती. पण ती जाळी साध्या सूक्ष्मदर्शकाच्या अगदी कडेला दिसे, त्यामुळे लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही आणि पन्नास वर्षं कुणी त्या चित्रांकडे वळून पाहिलं नाही. १९५० च्या दशकात स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आला, जाळी स्पष्ट दिसली, आणि वेराट्टींचं नाव पुन्हा निघालं. त्याच सुमारास हक्सली आणि टेलर यांनी काचेच्या बारीक नळीचं टोक तंतूच्या पृष्ठभागावर जागोजागी टेकवून किंचित वीज दिली. बहुतेक ठिकाणी काही झालं नाही. ठरावीक अंतरावरच्या ठरावीक जागी मात्र टोक टेकवताच तेवढाच भाग आकसला. जणू पृष्ठभागावर बटणं बसवलेली असावीत.

ही बटणं म्हणजे भोकं आहेत. स्नायूपेशीचं बाहेरचं आवरणच तिथून आत वळतं आणि नळीसारखं पार मध्यापर्यंत जातं. शेताच्या मधल्या वाफ्याला पाणी पोचावं म्हणून आपण पाट काढतो ना, तसं. पाटात पाणी बाहेरचंच, पण ते वावराच्या पोटात आलेलं. मज्जातंतूकडून आलेला विजेचा झटका आवरणावर पसरतो आणि या पाटांतून क्षणार्धात खोलवर उतरतो.

पाटाच्या दोन्ही अंगांना चिकटून पिशव्या असतात. या पिशव्या म्हणजे स्नायूचं पेव. वऱ्हाडात पूर्वी जमिनीत पेव खणून ज्वारी भरून ठेवत, तोंड लिंपून घेत. स्नायूच्या पेवात ज्वारीऐवजी कॅल्शियम असतं, ठासून भरलेलं, शिवाय ते धरून ठेवणारी प्रथिनंही सोबत. तोंड उघडलं की कॅल्शियम बाहेर लोटतं, तंतूंवरच्या ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि मग ॲक्टिन आणि मायोसिन या दोन तंतूंचं एकमेकांवरून सरकणं सुरू होतं. ट्रोपोनिन शोधलं जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी, १९६० च्या दशकात. काम झालं की पेशीतले पंप कॅल्शियम पुन्हा पेवात ओढून भरतात आणि स्नायू सैल पडतो. या भरणीला इंधन लागतं. आखडायला ऊर्जा लागते हे सगळ्यांना पटतं, सैल पडायलाही लागते हे चटकन पटत नाही. मेलेलं जनावर काही तासांत लाकडासारखं ताठ होतं ते इंधन संपल्यामुळेच. पंप थांबतात, आणि एकमेकांत अडकलेले तंतू सोडवायलाही इंधन उरत नाही.

आता खरा पेच. झटका पाटात आला. पेव शेजारीच, पण वेगळ्या पिशवीत. मधे दहा-बारा नॅनोमीटरची फट. पाटातली वीज पेवाचं तोंड उघडते कशी?

इथे दोन दारांची ओळख करून घ्यायला हवी. पाटाच्या भिंतीत एक कॅल्शियमचं दार असतं. त्याचं शास्त्रीय नाव सीएव्ही १.१. पेवाच्या भिंतीत दुसरं दार, रायनोडिन रिसेप्टर. या दुसऱ्याचं नाव दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादकडच्या रायानिया या झुडपावरून आलंय. त्या झुडपाची पूड पूर्वी कीडनाशक म्हणून वापरत, त्यातलं विष या दाराला घट्ट चिकटतं, आणि त्या चिकटण्याच्या आधाराने शास्त्रज्ञांनी १९८७ च्या सुमारास हे दार स्नायूतून वेगळं काढलं. पाच हजारांवर अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा चार साखळ्या मिळून एक दार. आजवर माहीत असलेल्या असल्या दारांत सर्वांत मोठं.

पहिल्या दाराचा शोध तर आपल्या घरातल्या एका गोळीच्या कुळामुळे लागला. रक्तदाबासाठी अनेकांच्या घरी ॲम्लोडिपिन असते. ती आणि तिच्या कुळातली औषधं रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतली कॅल्शियमची दारं अडवतात, वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. ही औषधं शरीरात सर्वांत जास्त कुठे चिकटतात हे पाहिलं गेलं तेव्हा उत्तर चक्रावणारं निघालं : पायाच्या स्नायूंतल्या त्या पाटांवर. विल्यम कॅटरॉल यांच्या गटाने १९८४ मध्ये सशाच्या स्नायूतूनच हे दार शुद्ध स्वरूपात काढलं, कारण तिथे ते मुबलक. मग ॲम्लोडिपिन घेणारा माणूस जिना कसा चढतो? एक तर गोळीची रक्तातली मात्रा थोडी, आणि ही औषधं विसावलेल्या स्नायूच्या दाराला सैलच धरतात. पण त्याहून मोठं कारण असं, की दार अडवलं तरी पायाच्या स्नायूला फारसा फरकच पडत नाही.

याचा पहिला पुरावा १९७२ मधला. आर्मस्ट्राँग, बेझानिला आणि होरोविट्झ यांनी बेडकाचा एकच स्नायूतंतू अशा द्रवात ठेवला, ज्यातलं कॅल्शियम रसायनाने जवळजवळ पूर्ण बांधून टाकलेलं होतं. झटका दिला, तंतू आखडला. पुन्हा दिला, पुन्हा आखडला. कितीतरी मिनिटं. रिंगरचं हृदय अशा पाण्यात बंद पडलं होतं, पण पायाच्या स्नायूला बाहेरच्या कॅल्शियमचं काही देणंघेणं नव्हतं. शिवाय हे दार उघडतंही फार सावकाश. ते नीट उघडेपर्यंत स्नायूचा एक झटका होऊनही जातो.

दार आहे, खच्चून आहे, आणि त्यातून कुणी आत येण्याची गरज नाही. मग ते तिथे करतं काय?

कडी वाजवतं. पेशीच्या आवरणाच्या दोन बाजूंत सुमारे ९० मिलिव्होल्टचा फरक असतो. ऐकायला क्षुल्लक, पण आवरण अवघं पाच नॅनोमीटर जाड. मीटरच्या हिशेबात हा ताण सुमारे १ कोटी ८० लाख व्होल्ट होतो. दाराच्या अंगात विद्युतभार असलेले काही भाग या ताणाने खाली दाबून धरलेले असतात. झटका आला, ताण सुटला, की ते भाग वर सरकतात. १९७३ मध्ये येल विद्यापीठात श्नायडर आणि चँडलर यांनी या सरकण्याची अतिसूक्ष्म वीज मोजली. कॅल्शियम आत येण्याची ती वीज नव्हतीच, दाराची कडी हलल्याची होती. त्यांनी तेव्हाच सुचवलं की ही कडी फटीपलीकडच्या पेवाच्या तोंडाला यांत्रिकपणे, ओढून-ढकलून उघडत असावी. क्लारा फ्रान्झिनी-आर्मस्ट्राँग यांना फटीत 'पाय' दिसले होतेच, पेवाच्या दाराचे बाहेर आलेले भाग. पुढे १९८८ मध्ये त्यांच्या चित्रांत दिसलं, की पेवाच्या एकाआड एक दारासमोर पाटातली चार-चार दारं चौकटीत उभी असतात. एक सोडून एक, असं का, याचा विचार करायला लागलं की वेळ बरा जातो.

कडीवर शिक्कामोर्तब केलं क्योटोच्या शोसाकु नुमा यांच्या प्रयोगशाळेने. उंदरांत एक आनुवंशिक दोष असतो, त्यात पिल्लं जन्मतःच मरतात, कारण त्यांचा एकही ऐच्छिक स्नायू आखडत नाही आणि श्वासच घेता येत नाही. पेव भरलेलं असतं, पेवाचं तोंड शाबूत असतं, फक्त पाटातलं दार नसतं. १९८८ मध्ये तानाबे, बीम, पॉवेल आणि नुमा यांनी अशा पिल्लांच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांत या दाराचा जनुक टोचला. पेशी आखडू लागल्या. मग त्यांनी खोडी काढली. स्नायूच्या दाराऐवजी हृदयाचं दार बसवलं. पेशी आखडली, पण फक्त बाहेर कॅल्शियम असतानाच. हृदयाचं दार खरंच दार आहे. त्यातून थोडं कॅल्शियम आत येतं आणि ते थोडं कॅल्शियम पेवाचं तोंड उघडतं. शेवटी १९९० मध्ये त्यांनी हृदयाच्या दाराचा एकच तुकडा, आतल्या बाजूला लोंबणारा फास, काढून तिथे स्नायूच्या दाराचा फास लावला. झालं, हृदयाचं दार स्नायूसारखं वागू लागलं. बाहेर कॅल्शियम नसलं तरी पेशी आखडू लागली. कडी त्या फासात होती.

या कथेतला मला सर्वांत धीट वाटणारा प्रयोग २०१७ चा. इन्सब्रुकमध्ये अनामिका दयाल, मॅनफ्रेड ग्रॅबनर आणि सहकाऱ्यांनी असा उंदीर तयार केला, ज्याच्या पाटातल्या दारातून कॅल्शियमचा कणही जात नाही. एका अमिनो आम्लाचा बदल, बस्स. उंदीर धावला, लोंबकळला, थकेपर्यंत पळाला. त्याच्या ताकदीत, दमात, वाढीत, बाकीच्या उंदरांहून फरक सापडला नाही. माशांमध्ये तर निसर्गाने हे आधीच करून ठेवलंय. झेब्रामाशाच्या स्नायूतल्या या दारातून कॅल्शियम जातच नाही. दाराची चौकट, दाराची फळी, सगळं आहे, वाट बुजलेली आहे, आणि कडी शाबूत आहे.

आता सोयाबीनच्या वावरात परत. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल जे पकडतं ते पेवाचं तोंड. अळीच्या पोटात गेलेलं औषध रायनोडिन रिसेप्टरला चिकटतं आणि त्याला मिटू देत नाही. 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा होतो. कॅल्शियम बाहेर वाहत राहतं, स्नायू आखडतात आणि आखडलेलेच राहतात, पंपांना भरणी जमत नाही, पेव रितं होतं. जबडा हा स्नायूच. तो चालेना, म्हणून खाणं आधी थांबतं. हालचाल मंदावते, अंग आखडून पडतं. मरण त्यानंतर येतं, उपासाने आणि अशक्तीने. म्हणून ती 'तशीच लटकून' दिसते. शेतकऱ्याने मोजायचं ते नवं भोक, मेलेली अळी नाही.

आणि फवारणाऱ्याचं काय? त्याच्याही स्नायूत हेच दार आहे, पण हुबेहूब तेच नाही. कीटकांत या दाराचा एकच प्रकार असतो. आपल्यात तीन, त्यातला एक स्नायूत आणि दुसरा हृदयात. हे औषध कीटकाच्या दाराला जितकं घट्ट धरतं त्याच्या शेकडो पट सैल आपल्या दाराला धरतं. म्हणून या बाटलीवर हिरवा त्रिकोण असतो. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीवर लाल असे. त्या जुन्या औषधांचा घाव एक पायरी आधी बसतो, माणसात मज्जातंतू आणि स्नायू जुळतात त्या सांध्यावर, अळीत मज्जातंतू मज्जातंतूला जुळतो तिथे. तिथलं रसायन आवरणारं एन्झाइम अळीचं आणि माणसाचं जवळजवळ सारखं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तिथे मिसळून वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉसचं नाव वारंवार आलं. हिरवा त्रिकोण म्हणजे तोंडाला फडकं न बांधण्याचा परवाना नव्हे, हे मात्र सांगायलाच हवं. पंपात कुणी एकच औषध क्वचितच घालतं.

सगळ्या किड्यांवर हे औषध सारखं बेततं असंही नाही, पण रेशमाच्या किड्याला ते फार जहाल. रेशमाचा किडा शेवटी अळीच. आपल्याकडे तुती लावून रेशीम करणारे वाढलेत, आणि शेजारच्या सोयाबीनवरून वाऱ्याने उडालेला फवारा तुतीच्या पानावर बसला तर किडे खाणं टाकतात, कोष करत नाहीत. शेजारधर्म म्हणून फवाऱ्याआधी बांधापलीकडे हाक मारावी, एवढं तरी करावं. पाण्यातल्या कवचधारी जिवांनाही ते घातक, म्हणून पंप पैनगंगेच्या कडेला धुऊ नये.

बाटलीवर आणखी एक आकडा असतो, गट २८. दुकानात फ्लुबेंडिअमाइड, सायअँट्रानिलिप्रोल अशी वेगळी नावं वेगळ्या किमतींत मिळतात, पण गट तोच, दार तेच. लागोपाठ तेच दार ठोठावलं की ज्या एखाद्या अळीचं दार जन्मतः किंचित वेगळं, ती वाचते आणि तिचीच पिल्लावळ वाढते. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगात हे आधी घडलं, फिलिपाइन्स आणि थायलंडमध्ये. दाराच्या पाच हजारांवर अमिनो आम्लांत ४९४६ क्रमांकाचं एक बदललं, तेवढ्यावर औषधाची पकड सुटली. वाशीम जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यातच, करड्याला आहे. तिथे औषध बदलायला सांगतात तेव्हा नाव नव्हे, गट बदलायला सांगत असतात.

माणसाचं पेवही फुटू शकतं, मात्र वेगळ्या निमित्ताने. १९६० मध्ये मेलबर्नला पाय मोडलेला एक तरुण दवाखान्यात आला. त्याला पायापेक्षा भुलीची भीती जास्त, कारण घरातले दहा जण ईथरच्या भुलीखाली गेले होते. वेगळ्या वायूची भूल दिली, तरी त्याचं अंग तापलं, नाडी धावू लागली. डॉक्टरांनी भूल थांबवली आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल यांनी हे लिहून ठेवलं. पुढे कळलं की अशा अनेक घराण्यांत पेवाच्या दाराच्या जनुकातच दोष असतो. एरवी माणूस ठणठणीत, पण हॅलोथेनसारखे भुलीचे वायू किंवा सक्सिनिलकोलिन मिळालं की दार उघडं राहतं. पंप जिवाच्या आकांताने भरत राहतात, इंधन जळतं, आणि ताप दर पाच मिनिटांना अंश-दीड अंशाने चढू शकतो. डुकरांतही हाच विकार सापडला, आणि डॅन्ट्रोलिन हे औषध त्याला आवरतं हे दक्षिण आफ्रिकेत १९७५ मध्ये डुकरांवरच दिसलं. कोराजन अळीचं दार उघडं ठेवतं, डॅन्ट्रोलिन माणसाचं गळकं दार आवरतं. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ विचारतात, "घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?" त्या प्रश्नाला 'नाही' म्हणायच्या आधी काका-आत्यांची जरा आठवण काढावी.

म्हशीचं राहिलं. ताजी व्यालेली, भरपूर दुधाची म्हैस किंवा गाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसते आणि उठत नाही. मान वळवून कुशीत घातलेली, कान गार, पोट फुगलेलं. याला दुग्धज्वर म्हणतात, ज्वर मात्र नावातच. घरात त्याच वेळी खरवस शिजत असतो आणि कारणही त्या पातेल्यातच असतं. गायीच्या दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि तिच्या साऱ्या रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम ३ ग्रॅम. हाडांतून ते उपसून आणण्याची यंत्रणा जागी व्हायला एक-दोन दिवस लागतात. मधल्या काळात रक्तातलं कॅल्शियम निम्म्यावर येतं.

पण थांबा. पायाच्या स्नायूला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही हे आपण आत्ताच इतक्या प्रयोगांनी पाहिलं. तिच्या मांडीतली पेवं भरलेली आहेत. मग ती उठत का नाही?

कारण निरोपच पोचत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी, स्नायूला भिडण्याआधी, कॅल्शियमची वेगळ्या जातीची दारं असतात, आणि ती खरीखुरी दारं आहेत. त्यांतून बाहेरचं कॅल्शियम आत आलं तरच टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं आणि स्नायूवर झटका उमटतो. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की हे सुटणं कमी होतं. मांडीचा स्नायू भरल्या पेवाशेजारी हुकमाची वाट पाहत पडून राहतो. हृदयाला आणि पोटाच्या स्नायूंना बाहेरचं कॅल्शियम थेट लागतं, म्हणून ठोके क्षीण होतात, रवंथ थांबतं, पोट फुगतं. एका आजाराची ही सगळी लक्षणं कुठलं दार खरं आणि कुठलं नुसती कडी, या यादीप्रमाणेच लागलेली असतात.

गंमत अशी की पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीचं कॅल्शियम असंच उतरलं तर ती लुळी पडत नाही, तिला झटके येतात. बाहेरचं कॅल्शियम मज्जातंतूंना आवर घालतं. ते घटलं की तंतू विनाकारण पेटू लागतात. कुत्रीत सांध्यावरचा निरोप तरीही पोचत राहतो, म्हणून अंग थडथडतं. माणसातही हाताची बोटं आखडतात ती यानेच. गायी-म्हशींत सुरुवातीला थोडी थरथर दिसते, पण लवकरच सांधा हार मानतो आणि जनावर बसतं.

डॉक्टर येतात, शिरेत कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लावतात, आणि एक हात बाटलीवर, कान हृदयावर ठेवतात. घरच्यांना घाई असते, डॉक्टरांना नसते. ज्या हृदयाला बाहेरचं कॅल्शियम हवं असतं तेच हृदय ते एकदम आलं तर अडखळतं, थांबतंही. बाटली अर्धी होते. पाठीवरचे स्नायू आधी बारीक थरथरतात. ढेकर येतो. नाकपुडी ओलसर होते, शेण पडतं, मूत होतं, आणि गोठ्यात उभ्या असलेल्या बाया एकमेकींकडे बघतात. मग कधी वीस मिनिटांनी, कधी तासाभराने, म्हैस पुढचे पाय सावरते, मागचा भाग उचलते आणि उभी राहते. डॉक्टर सुई काढताना एवढंच सांगतात, दोन दिवस कास पुरती रिकामी करू नका.